सरांच्या गाडीचा अडलेला गियर

ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारात त्या सकाळी इतकी माणसं जमली होती, की फाटक लावायचं म्हटलं तरी लागलं नसतं. कुंपणाच्या भिंतीवर बसलेले वेगळे, समोरच्या गॅलऱ्यांतून वाकलेले वेगळे. मधोमध ती जुनी पांढरी गाडी उभी होती. टपावर लाल शिकाऊ पाटी, दारावर रंग उडालेली अक्षरं, आणि आत शिकवणाऱ्याच्या सीटपुढे ठेवलेले बूट, ज्यांना येणारा प्रत्येकजण काचेतून हात जोडत होता. जमलेल्यांपैकी निम्मी माणसं याच गाडीवर गाडी चालवायला शिकली होती, आणि ज्यांनी शिकवलं ते सर आता या जगात नव्हते.

सर गेले आणि त्यानंतर गाडी त्यांच्या मुलाच्या हाती गियर घेईनाशी झाली. आता जुन्या गाडीचा गियर अडला तर माणूस काय करतो? मेकॅनिककडे जातो, शिव्या देतो, चहा पिऊन परत येतो. इथे लोकांनी निरोपबाबांना बोलावलं होतं.

निरोपबाबा म्हणजे गेलेल्या माणसांचे निरोप आणणारे. पांढराशुभ्र अंगरखा, तेल लावून मागे फिरवलेले केस आणि आवाज असा गोड, की ऐकणाऱ्याला आधी झोप यावी आणि मग विश्वास बसावा.

"मुला, यंत्र सुरू कर," बाबा म्हणाले.

सरांचा धाकटा स्टिअरिंगमागे बसला होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. त्यानं किल्ली फिरवली. गाडी थरथरली.

"आता गियर टाक."

त्यानं क्लच दाबला आणि दांडा पुढे ढकलला. दांडा अडला. खालून खर्रर्र असा आवाज आला आणि गर्दीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"जोर कर! कर, कर, लाजतोस कशाला? बघू दे सगळ्यांना, तुझा जोर जास्त की तुझ्या बापाचा!"

धाकट्याच्या मनगटाच्या शिरा टरारल्या. दांडा हलला नाही.

"बघितलंत?" बाबा गर्दीकडे वळले. "याच दांड्यावर सरांचा हात आयुष्यभर होता. तो हात त्यांनी अजून काढलेला नाही. मुला, यंत्र शांत कर. गेलेल्या माणसाला हा खडखडाट सोसत नाही. पाय मात्र तसाच राहू दे."

इंजिन बंद झालं. बाबांनी खिडकीतून हात घातला, डोळे मिटले आणि दोन बोटं दांड्याच्या गोळ्यावर ठेवली. "सर, मी आलोय. मला वाट द्या." आणि काय सांगावं! दांडा लोण्यात सुरी जावी तसा पहिल्या गियरमध्ये गेला. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात. आवारात एकच गलका झाला. शेजारचे शिंपीकाका तर हमसाहमशी रडायला लागले.

"सर बोलतायत," डोळे न उघडता बाबा म्हणाले. "म्हणतायत, पोरानं माझं मन मोडलं. माझ्या तोंडावर म्हणाला, तुमचे दिवस संपले. मी त्याला माफ केलेलं नाही."

धाकट्यानं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

फाटकापाशी, हातात प्रवासाची बॅग घेऊन, त्याची थोरली बहीण उभी होती. आत्ताच बसमधून उतरून आली होती. ती दुसऱ्या गावी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आईचा फोन आला होता, "धाकटा जेवत नाही गं, माझं ऐकत नाही, तू ये." गर्दीच्या पाठी उभं राहून तिनं सगळं बघितलं. आधी तिला संताप आला. मग भावाचं ते टेकलेलं कपाळ दिसलं आणि संताप ओसरला.

बाबांचा निकाल मोठा सोपा होता. उद्या सकाळी मुलानं सगळ्यांसमोर गाडीची किल्ली बाबांच्या हवाली करायची, स्कूलला कुलूप लावायचं आणि पुन्हा जन्मात स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मग सर सुटतील. गाडीचं पुढे काय? ती बाबांच्या सेवेत राहील. आत्म्याला गाडी नको होती, बाबांना चालणार होती.

दुपारी ती भावासमोर ताट घेऊन बसली. त्यानं भाताचे दोन घास चिवडले आणि ताट सारलं.

"ताई, मी खरंच म्हणालो होतो गं तसं."

"काय म्हणाला होतास?"

"म्हटलं, अण्णा, आता गियरची गाडी कोण शिकतंय? आपोआप गियर बदलणाऱ्या गाड्या आल्या. आपण ही विकून तसली एक घेऊ. ते म्हणाले, गियर टाकता येत नाही तो ड्रायव्हर कसला. आणि मी चिडलो. म्हटलं, तुमचे दिवस संपले." त्यानं सारलेल्या ताटाकडे बघितलं. "त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. जेवायला बसायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. आणि मग गेलेच."

"हे भांडण झालं तेव्हा घरात कोण होतं?"

"कोणी नाही. आम्ही खाली ऑफिसात होतो."

"आणि ऑफिसाच्या भिंतीपलीकडे?"

"शिंपीकाकांचं दुकान. बाबांना तेच तर घेऊन आले." त्यानं एकदम मान वर केली. "म्हणजे तुला म्हणायचंय, काकांनी सांगितलं? सांगितलं असेल. पण गियर तर काकांनी अडवला नाही ना? अण्णा होते तोवर अडत नव्हता. ते गेले आणि अडला. माझ्याच हातात अडला."

"दुसऱ्या कोणी चालवून बघितली?"

"कोण चालवणार? स्कूल बंद आहे. मी रोज सकाळी एक चक्कर मारायचो, आता तीही होत नाही." त्यानं डोळे पुसले. "तू वाद घालू नकोस, ताई. गाडी देऊन टाकू. निदान त्यांचा जीव तरी सुटेल."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अण्णा गेल्यापासून ती अशीच होती, रडायलाही विसरल्यासारखी.

जेवणं उरकून घर निजल्यावर ताई खाली आवारात गेली आणि गाडीत बसली. ती इथेच गाडी शिकली होती. अण्णांची रीत ठरलेली होती, नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते किल्लीच द्यायचे नाहीत. बंद गाडीत बसवायचे आणि नुसते गियर टाकायला लावायचे, हात आपोआप वळेपर्यंत. तिनं तसंच केलं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, मागचा. सगळे गुमान गेले. तिनं ना डोळे मिटले होते, ना कोणाकडे वाट मागितली होती. मग किल्ली फिरवली. इंजिन सुरू असताना मात्र तोच दांडा दगडासारखा झाला. इंजिन बंद केलं, पुन्हा मऊ.

"अच्छा! हे आहे होय तुमचं मंत्रसामर्थ्य," ती स्वतःशीच म्हणाली. बाबांची अर्धी लबाडी तिला कळली होती. चालू गाडीत गियर का अडतो, ते मात्र कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कालच्यापेक्षा जास्त गर्दी. बाबा आले, स्थानापन्न झाले, किल्लीसाठी तळहात पुढे केला. धाकटा उठला. तेवढ्यात ताई मध्ये उभी राहिली.

"बाबा, किल्ली देते. फक्त एकदा, गाडी चालू असताना गियर टाकून दाखवा."

बाबा हसले. "मुली, सांगितलं ना. यंत्राच्या आवाजाचा त्यांना त्रास होतो."

"ज्या माणसानं आयुष्यभर हाच आवाज ऐकून घर चालवलं, त्याला त्रास?"

गर्दीत कोणीतरी खुसुखुसू हसलं. बाबांचा चेहरा जरा आवळला.

"बरं, राहू दे," ताई म्हणाली. "शिंपीकाका, या. बसा इथे. घाबरू नका, गाडी बंद आहे. टाका गियर."

काका कापत कापत बसले. अण्णांची मनोमन क्षमा मागून त्यांनी दांड्याला बोट लावलं. दांडा गेला. काका आ वासून बघत राहिले.

"वा काका! तुमच्यातही सिद्धी आली की! आता उद्यापासून कपडे शिवू नका, निरोप आणा."

आता मात्र हशा पिकला. काकांनी आणखी दोनदा गियर टाकून बघितला, स्वतःचीच खात्री करायला. पण बाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते उठले आणि आवाज चढवून म्हणाले, "हसा! हसणं सोपं आहे. बंद गाडीत सरांनी हात सैल सोडला, कोणालाही जमेल. पण चालू गाडीत दांडा अडवतं कोण? एवढ्या शिकलेल्या आहात ना मॅडम, मग सांगा!"

हशा थांबला. "हो, ते सांगा," गर्दीतून आवाज आला. धाकट्यानं मान वर करून बहिणीकडे बघितलं. त्या नजरेत ती हरावी अशीच इच्छा होती की काय, तिला कळेना.

"मला माहीत नाही," ती सरळ म्हणाली. "पण शोधता येईल. बंद आणि चालू यांत फरक एकच आहे, चालू असताना इंजिन फिरत असतं. क्लच पूर्ण दाबला की इंजिन आणि गियर यांचा संबंध तुटतो, म्हणून दांडा जातो. संबंध नीट तुटला नाही, तर आतली चाकं फिरत राहतात आणि फिरत्या दात्यांत दुसरे दाते शिरत नाहीत. कुरकुरतात. म्हणजे दोष दांड्यात नाही. तुम्ही सगळे दांड्याकडे बघताय. क्लचकडे बघायला हवं."

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि क्लच दाबला. पाय खाली गेला आणि कशावर तरी ठक्क करून थांबला. स्प्रिंगचा नरम थांबा नव्हे, आडवं काहीतरी आल्यासारखा. तिनं वाकून बघितलं. पायाखाली काही नव्हतं. क्लच आणि गाडीचा तळ यांच्यात चांगलं दोन बोटं अंतर होतं, आणि तरी तो आणखी खाली जात नव्हता.

"धाकट्या, हा पूर्वी तळापर्यंत जायचा ना?"

"जायचा," तो पुटपुटला. "अण्णा सगळ्यांना सांगायचे, पार तळाला टेकव, ही म्हातारी त्याआधी ऐकत नाही."

"मग आता कशाला अडतोय?"

आणि तिचं लक्ष शेजारच्या सीटकडे गेलं. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती ती. शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, आणि या गाडीत दोन्हीकडचे क्लच एकाच लोखंडी दांडीनं जोडलेले होते. इकडचा दाबला की तिकडचा खाली जायचा, तिकडचा अडला की इकडचा अडायचा. तिकडे, अण्णांच्या सीटपुढे, त्यांचे बूट ठेवलेले होते. जाड तळाचे, रोज पुसून चकचकीत केलेले. डाव्या बुटाचा टाचेकडचा भाग सीटला टेकलेला आणि पुढचा भाग थेट क्लचच्या खाली सरकलेला.

जिंकल्याचा जो काही तोरा तिच्या अंगात चढला होता तो एका क्षणात उतरला. हे बूट इथे का ठेवले हे तिला विचारायची गरज नव्हती. अण्णा गेले त्या दिवशी ते घराच्या दाराशी होते. आईला ते तिथे बघवेनात. मग कोणीतरी ते उचलून, अण्णा जिथे रोज बसायचे तिथे, त्यांच्या जागी नेऊन ठेवले होते. त्या सीटवर त्यानंतर कोणी बसलं नव्हतं. सगळ्या गावानं त्या बुटांना हात जोडले होते आणि कोणी ते हलवले नव्हते.

ती उतरली, वळसा घालून पलीकडचं दार उघडलं.

"त्यांना हात लावू नकोस!" धाकटा ओरडला. "ताई, ते अण्णांचे आहेत!"

"माहीत आहे रे राजा," ती म्हणाली. "म्हणूनच मी नाही काढणार. आई, तू ये."

आई गर्दीतून पुढे आली. तिनं लेकीकडे बघितलं, खाली बघितलं, आणि एका हातात एक असे दोन्ही बूट उचलून पोटाशी धरले.

"आता गाडी चालू कर," ताई भावाला म्हणाली. "क्लच दाब. पार तळापर्यंत."

इंजिन सुरू झालं. धाकट्याचा पाय खाली, आणखी खाली गेला. त्यानं दांड्याला हात लावला. दांडा पहिल्या गियरमध्ये गेला, आवाज न करता. त्यानं बाहेर काढला, मागचा टाकला. तोही गेला.

"पाहिलंत!" निरोपबाबा गरजले. मानलं पाहिजे या माणसाला, बुडत्या होडीतही तो भाडं मागत होता. "आत्मा बुटांत होता! मी काल हेच सांगणार होतो! बूट माझ्याकडे द्या, मी त्यांना—"

"बाबा, तुमची चप्पल काढा," ताई म्हणाली.

"काय?"

"चप्पल. डाव्या पायाची."

बाबा मागे सरले, पण शिंपीकाकांनी, ज्यांनी बाबांना इथवर आणलं होतं त्याच काकांनी, खाली वाकून ती चप्पल ओढून काढली. ताईनं ती पलीकडच्या क्लचखाली, बूट होता तिथेच, उभी खोचली. "टाक गियर." खर्रर्र. दांडा जागचा हलला नाही. चप्पल काढली, दांडा गेला. चप्पल ठेवली, अडला.

"आता सांगा बाबा, दांडा कोणी धरलाय? तुमची चप्पल आहे आणि तुम्ही तर धडधाकट समोर उभे आहात. की तुमचाही आत्मा चपलेत ठेवून फिरता?"

गर्दी खदाखदा हसली. काल रडलेले लोकच सगळ्यात मोठ्यानं हसत होते. बाबांनी चप्पल काखेत मारली आणि एका पायानं अनवाणी असे फाटकाबाहेर पडले. "मी कालच म्हणत होतो," असं म्हणणारी माणसं लगेच पुढे आली. ज्यांनी काल तोंडाला पदर लावले होते त्या बायका आज एकमेकींना टाळ्या देत होत्या. मग पांगापांग झाली. तमाशा संपला की माणसं पांगतातच.

ताईला वाटलं होतं, भाऊ आता उतरेल, हसेल, निदान सुटल्यासारखं काहीतरी म्हणेल. तो गाडीतच बसून राहिला. इंजिन बंद केलं, हात मांडीवर ठेवले.

"म्हणजे अण्णा इथे नव्हतेच," तो म्हणाला.

"नव्हते."

"एवढे दिवस मी दांडा ढकलायचो आणि वाटायचं, पलीकडून ते धरून आहेत. मी रोज सकाळी त्यासाठीच बसायचो गं. गाडी चालवायला नाही. रागावलेले का होईना, पण होते ना. तू तेही नेलंस."

ती उघड्या दाराशी, जमिनीवर बसली. शाळेत तिनं पोरींना किती वेळा सांगितलं होतं, खरं कळलं की मन मोकळं होतं. खरं कळलं की आधी मन रिकामं होतं, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"मग मला सांग," तो म्हणाला. "त्यांनी मला माफ केलं होतं की नाही?"

"मला माहीत नाही."

"तू तरी खोटं बोल ना, ताई."

"बोलले असते. पण कालच्या माणसानं तेच केलं. तुला काय हवं ते नाही, तुला कशाची भीती वाटते ते ओळखलं आणि तेच अण्णांच्या तोंडी घातलं. तू जन्मभर ते खरं मानून बसला असतास. स्कूल बंद, गाडी गेलेली आणि डोक्यात एकच, बापानं मला माफ केलं नाही. त्यापेक्षा माहीत नाही, हे बरं. माहीत नाही यात निदान एक फट राहते रे."

मंडळी, ही गोष्ट सांगणाऱ्याचंही तेवढंच म्हणणं आहे. गियर अडला तर दांड्याला नमस्कार करू नका, क्लच बघा. दुखणं आलं तर डॉक्टर गाठा. आणि गेलेल्या माणसाचा निरोप कोणी आणून दिला, तर आधी बघा, तुमच्या घरातली गोष्ट त्याला कोणत्या भिंतीतून ऐकू गेली. हे सगळं करूनही जे उरेल, ते दुःख आहे. त्यावर कोणाकडे तोडगा नाही, आणि आहे असं जो सांगेल तो तुमच्याच दुःखावर पोट भरायला आलेला असतो, हे पक्कं लक्षात ठेवा.

पलीकडे पायरीवर आई बसली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडत होती. दोन्ही मुलांनी तिला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं धाकटा म्हणाला, "मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. रोज गाडीत बसलो की सांगेन म्हणायचो. दांडा अडायचा आणि राहून जायचं."

"मला सांग."

"तू म्हणजे ते नाहीस."

"नाहीच आहे. पण मी ऐकू शकते."

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाला, "अण्णा, माझं चुकलं." आणि तोंड झाकून लहान मुलासारखा रडायला लागला.

ताईनं हात पुढे करून त्याचा गुडघा धरला. तिनं ते ऐकून घेतलं. ऐकणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं.